लाइक पाच हजार, ऑर्डरी तेवीस

पत्र

दादा, तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदा. आम्ही नवराबायको डिचोलीत काजू विकतो. सासऱ्यांची काजीची बाग आहे, भट्टी घरचीच, सालासकट भाजलेले काजू करतो, जोडीला आमसुलं आणि आगळ (कोकमाचा रस). बुधवारच्या बाजारात बऱ्यापैकी खप होतो. गेल्या वर्षी भाच्याने वेबसाइट करून दिली आणि म्हणाला, मामी आता जाहिरात करा, सगळा देश तुमचं गिऱ्हाईक. मार्च ते मे फेसबुक-इन्स्टावर ४२ हजार रुपये घातले. तीन लाखांवर लोकांनी जाहिरात पाहिली, ५,८०० लाइक आले, ६,९०० क्लिक झाले. ऑर्डरी आल्या २३. त्यातल्या ९ बहिणी-नणंदांच्या, ४ कॅश ऑन डिलिव्हरीच्या परत आल्या. (कोल्हापूरच्या एका बाईंनी मात्र तीनदा मागवलं.) २५० ग्रॅमचं पाकीट ३९० ला आहे, कुरिअरचे ११० वेगळे. नवरा म्हणतो हे सगळं फसवं आहे, बंद कर. जाहिरात लावून देणारा मुलगा म्हणतो बजेट डबल करा, मग बघा. कुणाचं ऐकू?

डिचोलीची एक वाचक

उत्तर

ताई, दोघांचंही ऐकू नका. अगदी ऐकायचंच झालं तर तूर्त नवऱ्याचं ऐका, निदान पैसे तरी वाचतील, पण ते सांगतात ते कारण काही खरं नाही. तुम्हाला कुणी फसवलेलं नाही. तुम्ही जे मागितलंत ते मशीनने मापात दिलं, फक्त तुम्ही लाइक मागितले होते आणि तुम्हाला वाटत होतं आपण गिऱ्हाईक मागतोय.

म्हणजे कसं ते सांगतो. जाहिरात लावून देणाऱ्या त्या मुलाने पोस्टखालचं ते निळं बूस्टचं बटण दाबलं असणार, कारण आकडे तसेच दिसतायत. जाहिरात नीट लावायला बसलं की मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाची कंपनी, आधी विचारतं की तुम्हाला हवंय काय, त्यात सहा पर्याय असतात, नुसती ओळख, ट्रॅफिक, एंगेजमेंट, लीड, ॲप आणि सेल्स. एंगेजमेंट घेतलं तर ते मशीन लाइक करणारी माणसं शोधतं, ट्रॅफिक घेतलं तर क्लिक करणारी. विकत घेणारी शोधत नाही कारण तुम्ही सांगितलंच नाही, आणि विकत घेणारी माणसं महाग पडतात, त्यांच्या मागे सगळेच लागलेले असतात. लाइक करणारी स्वस्त. आमचे एक काका आहेत साखळी गावात, सकाळी उठून गुड मॉर्निंगच्या फुलापासून ते कुणाच्या तरी श्रद्धांजलीपर्यंत सगळ्याला अंगठा दाखवतात, आयुष्यात एक रुपयाची वस्तू ऑनलाइन मागवलेली नाही. तुमच्या ५,८०० मध्ये असे काका किती असतील बघा.

मी स्वतः ह्यात पोळलोय म्हणून सांगतो. काही वर्षांपूर्वी मला वाटलं की चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या मांडवीचं, सामान घरपोच द्यावं, आंबाडे, चिबूड, सुपारीची शिपटी, तोरंजन, सगळं एका पेटीत. फोटो असला देखणा काढला म्हणता, चार हजार लाइक, शेअरवर शेअर, दुबईतून लोक लिहितायत की डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत पाणी आलं पण खिशात हात गेला नाही. पेट्या गेल्या दोन, त्यातली एक माझ्या मेहुण्याने घेतली. बाकीचे आंबाडे आम्ही पंधरा दिवस खाल्ले, रोज आंबाड्याचं काहीतरी, शेवटी बायको म्हणाली की पुढच्या वर्षी काय विकायचं ते आधी मला विचार म्हणजे निदान मला आवडणारं तरी उरेल. मागाहून कळलं की झालं काय होतं. लोकांना माटोळी बघायला आवडते, सामान मात्र ते चवथीच्या बाजारात स्वतः चार ठिकाणी फिरून, भाव करून, वजन हातात घेऊनच आणणार, तीच तर मजा. मी त्यांना आठवण विकत होतो आणि ती त्यांनी फुकटात घेतली.

तुमचंही निम्मं तसंच झालंय. त्या मुलाने टार्गेटिंगमध्ये, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची त्यात, अख्खा भारत, वय १८ ते ६५ आणि आवड म्हणून 'गोवा' टाकलंय, असं मला तरी दिसतंय. आता तुम्हीच सांगा, दिल्लीतल्या वीस वर्षांच्या पोराला गोवा आवडतो म्हणजे काय आवडतं? त्याला बागा बीच आवडतो, भाड्याची स्कूटर आवडते. तुमच्या पोस्टखालच्या कमेंटी मी वाचल्या ताई, 'गोवा कधी बोलवताय', 'मिस यू गोवा', नारळाच्या झाडाची चित्रं, अधूनमधून 'प्राइस प्लीज' आणि किंमत सांगितली की माणूस गायब. काजूबद्दल एकाने विचारलं नाही की कुठली भट्टी, कधीचा माल.

आणि एक मूळ गोष्ट बघा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माणूस येतो तेव्हा त्याच्या हातात पिशवी असते. घरातून यादी घेऊन निघालेला असतो. फोनवर बोट फिरवणारा माणूस कदंबाच्या बसमध्ये उभा असतो, नाहीतर जेवून लवंडलेला असतो, त्याला काजू नको असतात, त्याला वेळ घालवायचा असतो. त्याच्यासमोर तुम्ही मध्येच काजू घेऊन उभ्या राहिलात. छान आहेत म्हणाला आणि पुढे गेला. गूगलवर 'काजू ऑनलाइन' असं टाइप करणारा माणूस वेगळा, तो पिशवी घेऊन निघालाय, पण तिथे मोठमोठे दुकानदार बोली लावून बसलेत, तिथेही तुमचा टिकाव कठीण, ते मी गोड बोलून लपवणार नाही.

आता पैशांचं बोलू, कारण ४२ हजारांचं खरं दुखणं इथे आहे आणि हे गणित तो मुलगा तुम्हाला कधीच करून दाखवणार नाही. ३९० चं पाकीट. तुम्ही मला दुसऱ्या मेलमध्ये खर्च कळवलात त्याप्रमाणे काजू तुम्हाला २६० ला पडतात, पाकीट-लेबल-खोका २२, पेमेंटवाल्यांचे ८, म्हणजे हातात उरले १००, त्यात तुमची आणि नवऱ्याची मजुरी धरलेली नाही ते सोडाच. ४२ हजारांत ६,९०० क्लिक म्हणजे एक क्लिक सहा रुपयांना पडला. शंभर लोक साइटवर आणायला ६०० रुपये. त्या शंभरातल्या सहा जणांनी विकत घेतलं तर तुम्हाला सहाशे सुटले, म्हणजे खर्च वसूल, नफा शून्य. आणि चांगल्या चालणाऱ्या, लोकांना माहीत असलेल्या साइटवरसुद्धा शंभरातले दोन-तीन घेतात हो. म्हणजे जाहिरात उत्तम लागली असती, साइट चकाचक असती, सगळं सगळं बरोबर झालं असतं, तरीही २५० ग्रॅमचं एक पाकीट अनोळखी माणसाला अशा जाहिरातीतून विकून तुम्ही तोट्यातच गेला असता. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. तुमचं प्रत्यक्षात काय झालं, तर घरच्या ९ आणि परत आलेल्या ४ वजा केल्या की १० ऑर्डरी, एकेक ऑर्डर ४,२०० रुपयांना पडली. त्यापेक्षा डिचोलीच्या बसस्टँडवर उभं राहून फुकट वाटले असते तर निदान दुवा मिळाला असता.

म्हणून बजेट डबल करा हा सल्ला ऐकून मला हसू आलं. पण त्या मुलाला अगदीच मूर्ख ठरवू नका, त्याच्या बोलण्यात एक अर्धवट खरी गोष्ट आहे. सेल्सची जाहिरात लावली की ते मशीन आधी शिकतं, कोण घेतं कोण घेत नाही, आणि शिकून स्थिर व्हायला त्याला एका जाहिरात-संचाला आठवड्याला साधारण ५० विक्र्या लागतात. तुमच्या तीन महिन्यांत २३. म्हणजे त्याची पहिलीची पाटीसुद्धा कोरीच राहिली असती. मोठ्या कंपन्यांना हा खेळ परवडतो कारण त्यांच्या आठवड्याला हजारो विक्र्या होतात, मशीन शिकतं, मग स्वस्त होत जातं. छोट्या दुकानदाराचे पैसे शिकवणीतच संपतात. तुम्ही डबल केलं असतं तर शिकवणीची फी डबल, एवढंच.

साइटबद्दल आता जरा कडू बोलतो, भाच्याला वाचायला देऊ नका. मी ती माझ्या फोनवर उघडली, थिवीच्या स्टेशनवर बसून, अकरा सेकंद पांढरी पाटी. मी तुमच्यासाठी थांबलो, दुसरा कोण थांबतो? जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये 'लिंक क्लिक' आणि 'लँडिंग पेज व्ह्यू' असे दोन वेगळे आकडे असतात, तुम्हाला फक्त पहिला दाखवला गेलाय. दुसरा मागून घ्या. पहिला म्हणजे दारावर टकटक केलेले आणि दुसरा म्हणजे दार उघडेपर्यंत थांबलेले, ह्या दोन्हीत किती अंतर आहे ते बघितलंत की नवल वाटेल. त्यात पुन्हा काही क्लिक गेम खेळता खेळता चुकून लागलेले असतात, जाहिरात दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन बसते आणि खेळणाऱ्याचा अंगठा बंद करायच्या फुलीऐवजी भलतीकडेच पडतो.

बरं, दार उघडलं. समोर फोटो कसले, तर पांढरेशुभ्र सोललेले काजू, इंटरनेटवरून उचललेले. आणि तुम्ही विकता सालासकट भाजलेले! आपल्याला माहीत आहे की ती तपकिरी साल म्हणजेच भट्टीची खूण, चहाबरोबर साल चोळून उडवत खायचं त्यातच गंमत आहे. पण इंदूरच्या माणसाने आयुष्यभर पांढरे बघितलेत. त्याने खोका उघडला, काळपट साली सगळीकडे, त्याला वाटलं जुना माल लावला. परत आलेल्या चारपैकी निदान दोन तरी ह्याच कारणाने आल्या असतील अशी मला शंका आहे, कारण तुम्हीच त्या दुसऱ्या मेलमध्ये लिहिलंत की त्या खोक्यांची पट्टी फोडलेली होती. आणि तो माणूस किंमत ताडून बघतो ती कशाशी, मोठ्या साइटवरच्या डब्ल्यू ३२० शी, म्हणजे एका पाउंडात तीनशे ते तीनशेवीस गर बसतात तो नेहमीचा पांढरा काजू. त्याच्या डोळ्यांना तुमचा महाग आणि वर काळा. तेव्हा फोटो आजच बदला, भट्टीचा काढा, हातावर साल चोळतानाचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ टाका, तुमच्या सासऱ्यांनाच बसवा, त्यांना बोलायलाही लावू नका.

मग शेवटचं पान. ३९० बघून माणूस पुढे गेला, पत्ता भरला, पिनकोड भरला, फोन भरला आणि तिथे ११० रुपये कुरिअर उगवलं. पाचशे. कार्टमध्ये वस्तू टाकून तशीच सोडून जाणारे जगभरात सरासरी सत्तर टक्के असतात, बेमार्ड नावाची एक संस्था हेच मोजत असते, आणि सोडून जाण्याच्या कारणांत सगळ्यात वर येतं ते शेवटी कळलेला जादा खर्च. हे समजायला संशोधन लागत नाही म्हणा, भाव ठरल्यावर वर पिशवीचे दहा मागितले की आपण काय तोंड करतो ते आठवा.

फोन नंबर नाही, पत्ता म्हणून नुसतं 'गोवा', एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) चौदा आकडी नंबर कुठे दिसत नाही. खायची वस्तू आहे ताई. अनोळखी माणूस पैसे आधी का देईल? म्हणून तो कॅश ऑन डिलिव्हरी घेतो, आणि चार दिवसांनी कुरिअरवाला दारात आला की त्याला आठवतसुद्धा नाही की मागवलं होतं, नको म्हणतो, जाण्यायेण्याचं भाडं तुमच्या डोक्यावर. सीओडी बंद करा. यूपीआयने आधी पैसे देणाऱ्याला वीस रुपये कमी करा हवं तर. ऑर्डरी कमी होतील, रडू नका, ज्या कमी होतील त्या परतच येणार होत्या. आणि जाता जाता, राज्याबाहेर माल पाठवून विकता तर जीएसटीची नोंदणी लागते, उलाढाल कितीही छोटी असली तरी, हे सीएशी एकदा बोलून घ्या. गोव्याच्या काजूला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय त्याचा लोगो भाच्याने साइटवर लावलाय तोही तसा लावता येत नाही, आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं.

आता ते रिपोर्टमधलं 'जाहिरातीमुळे आलेल्या ऑर्डरी २३' हे प्रकरण. तुमच्या नणंदेने फोनवर जाहिरात बघितली, दुसऱ्या दिवशी तुमच्याशी बोलली, लिंकवर जाऊन घेतलं. रिपोर्टमध्ये ती जाहिरातीच्या खात्यावर जमा. कारण सेटिंगच तशी असते, जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत किंवा नुसती नजरेला पडल्यापासून एका दिवसात कुणी घेतलं की श्रेय जाहिरातीला. कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, असला प्रकार. हा गोंधळ तुमच्याच एकट्याचा नाही हो, ईबेसारख्या ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या मोठ्या कंपनीनेही त्यात पैसे घातले. ते गूगलवर स्वतःच्याच नावाच्या शोधाला पैसे देऊन जाहिरात लावत, मग त्यांच्याच अर्थतज्ज्ञांनी काही ठिकाणी ती बंद करून बघितली, तर लोक फुकटच्या लिंकवरून तसेच आले. २०१५ साली त्याचा शोधनिबंध छापून आला. जनरल मोटर्सने २०१२ च्या मे महिन्यात, फेसबुकचा शेअर बाजारात यायला काही दिवस उरले असताना, आमच्या गाड्या ह्याने विकल्या जात नाहीत म्हणून एक कोटी डॉलरची जाहिरात थांबवली होती, आणि वर्षभराने परत आले. मोठ्यांचंही असं हो-नाही चालूच असतं.

तो मुलगा तुम्हाला असंही सांगेल की ॲपलने २०२१ मध्ये फोनवर पाळत ठेवायला आधी परवानगी मागा असा नियम आणला, तेव्हापासून जाहिराती चालत नाहीत. खरं आहे, त्याने मेटाला मोठा फटका बसला, २०२२ मध्ये साधारण एक हजार कोटी डॉलरचा बसेल असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. पण तुमचं गिऱ्हाईक बहुतेक अँड्रॉइडवालं, आणि दोष सालासकटच्या काजूच्या पांढऱ्या फोटोचा आहे, तो ॲपलवर कशाला ढकलायचा.

पण त्या ईबेच्या निबंधात आणखी एक गोष्ट होती ती मला तुमच्यासाठी महत्त्वाची वाटते. साध्या वस्तूंच्या जाहिराती बंद केल्या तेव्हा नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकांवर काही परिणाम झाला नाही, ते येतच राहिले. फरक पडला तो नवीन किंवा क्वचित येणाऱ्यांमध्ये. आता हे आपल्या बाजारात आणून बघा. बुधवारी येणाऱ्या तुमच्या नेहमीच्या बायकांना जाहिरात दाखवून उपयोग नाही, त्या येणारच. अगदी अनोळखी माणूस तुम्हाला परवडत नाही, वर गणित केलंय. मधे एक जमात उरते, जिने तुमचे काजू एकदा खाल्लेत आणि मग तुमचं नाव विसरलीय. मे महिन्यात लईराईच्या जत्रेला शिरगावला आलेला कुणी, पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या, दिवसांत आईबरोबर आलेली आणि आता पुण्यात राहणारी मुलगी, मये तळ्यावर गाडी थांबवून परत जाताना दोन पाकिटं घेतलेला बेळगावचा माणूस. त्याच्या तोंडात चव आहे, त्याला साल म्हणजे काय ते ठाऊक आहे, फक्त पाकिटावर तुमचा नंबर नव्हता. तुम्ही एवढी वर्षं बुधवारी ही माणसं आणताय आणि बिननावाच्या पारदर्शक पिशवीतून त्यांना जाऊ देताय! ४२ हजारांपेक्षा हे मला जास्त लागलं.

तेव्हा जाहिरात आता दोन महिने पूर्ण बंद. पावसात तसंही काजू नरम पडतो, कुरिअरला वेळ लागतो, उगाच नाव खराब. तेवढ्यात पाकिटावर मोठा व्हॉट्सॲप नंबर आणि क्यूआर छापून घ्या, आणि बुधवारी प्रत्येकाला तोंडाने सांगा, संपले की ह्याच्यावर हाय म्हणा, घरी पाठवते. व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग फुकट बनतो, अर्ध्या दुपारचं काम. ब्रॉडकास्ट लिस्ट करायची तर एक लक्षात असू द्या, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो आणि एका लिस्टमध्ये २५६ च माणसं बसतात, म्हणून नंबर घेताना त्यांच्याच फोनमध्ये तुमचं नाव सेव्ह करवून घ्या, 'काजू डिचोली' म्हणून, हसत हसत करतात लोक. आणि रोज सकाळी सुविचार पाठवलात तर तिसऱ्या दिवशी ब्लॉक व्हाल. महिन्याला एक मेसेज पुरे, भट्टी पेटली, माल ताजा आहे, एवढाच.

२५० ग्रॅम ऑनलाइन विकूच नका. ते बाजारात ठेवा. ऑनलाइन एकच खोका करा, किलोभर काजू, अर्धा किलो आमसुलं, आगळाची एक बाटली, कुरिअर धरून एकच किंमत, शेवटच्या पानावर काही उगवायचं नाही. आगळाची बाटली गळते हे मी अनुभवाने सांगतो, झाकणाला टेप आणि वर प्लास्टिकची पिशवी, नाहीतर सगळे काजू लाल. अशा खोक्यात तुमच्या हातात चारशे-साडेचारशे सुटतील आणि तेव्हा कुठे एखादा रुपया जाहिरातीला काढायची गोष्ट बोलता येईल. दिवाळीला पणजी-पर्वरीच्या ऑफिसांत भेटीचे खोके जातात, तिथे वीस खोक्यांची एक ऑर्डर म्हणजे तुमचे तीन महिने, आणि त्यासाठी फेसबुक लागत नाही, स्कूटर काढून नमुना घेऊन जावं लागतं. नवऱ्याला पाठवा, नाहीतरी ते जाहिरातीवर चिडलेलेच आहेत, ती चीड कामी येईल.

मग ऑक्टोबरात, तुमच्याकडे शे-दोनशे गिऱ्हाइकांचे नंबर जमले की, त्यांना विचारून, ती यादी जाहिरातीत चढवता येते, निदान शंभर माणसं जुळावी लागतात. त्यांनाच दिवसाला दीडशे-दोनशे रुपयांची जाहिरात, व्हॉट्सॲपवर मेसेज करा असं बटण असलेली, दिवाळीच्या आधीचे वीस दिवस. साइटवर नेऊच नका. ह्यात मशीनला विक्री शिकवायची नसते, मेसेज आला की झालं, आणि मेसेज आला की पुढचं विकायचं काम तुम्ही करायचं, ते तुम्हाला बुधवारच्या सरावाने येतंच. चार हजारांत भागेल, वर १८ टक्के जीएसटी लागतो तेवढा धरा. वीस दिवसांत पंधरा खोकेही गेले नाहीत तर बंद करा आणि मला शिव्या देणारं पत्र लिहा, छापतो.

साइट ठेवा की बंद करा असं विचारलंत, तर ठेवा. एक पान, खरे फोटो, सासऱ्यांचा व्हिडिओ, नंबर, लायसन्स, बस. तिचा उपयोग दुकानाच्या पाटीसारखा, नाव ऐकलेल्या माणसाला खात्री पटवायला.

आणि आता त्या कंसाबद्दल. तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकलीत, मात्र म्हणून. तीन महिन्यांत तीनदा, प्रत्येक वेळी ११० कुरिअर भरून मागवणारी बाई, तिने तुमच्या साइटच्या अकरा सेकंदांनाही भीक घातली नाही. दहातल्या तीन ऑर्डरी तिच्या एकटीच्या. मी पैज लावतो की तिने जाहिरातीत तुम्हाला पहिल्यांदा बघितलेलं नाही, तिचं माहेर तरी इकडचं असेल किंवा कधीतरी बुधवारी तुमच्यासमोर उभी राहून गेली असेल. आज संध्याकाळी भट्टीचं आवरलं की तिला फोन लावा. विकायचं काही नाही, फक्त विचारा, ताई, आमचे काजू पहिल्यांदा कुठे खाल्लेत, आणि एवढे कुणाला लागतात हो तुमच्याकडे? काय म्हणाली ते मला कळवा.